तळ्याकाठी डबा उघडण्याआधी

पाऊस बरा झाला की आमच्याकडच्या बायकांच्या मागे दोन उद्योग लागतात. ओले कपडे वाळत घालायचे कुठे, हा एक. आणि मुलांची भुणभुण, हा दुसरा. "आई, तळं भरलंय म्हणे! सांडवा सुरू झालाय म्हणे! आपण कधी जायचं?" आम्ही परभणी जिल्ह्यातली माणसं. समुद्र आम्हाला चित्रातला. थंड हवेचं ठिकाण म्हणाल तर रात्रभर एसटीत बसायची तयारी हवी. तेव्हा भरलेलं तळं हाच आमचा समुद्र आणि वाहता सांडवा हाच आमचा धबधबा.

मी जिंतूरला राहते. घर सांभाळून एका शाळेत अर्धवेळ शिकवते. आमच्या तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे, १९६८ साली पूर्ण झालेलं. पन्नास मीटरहून उंच भिंत, पायथ्याशी वीजघर, वर नजर पोचेल तिथवर पाणी. जिंतूरलगत नेमगिरीच्या टेकडीवर जैन लेणी आहेत, तालुक्यातच चारठाण्याला हेमाडपंती मंदिरं आहेत. सकाळी लवकर निघालं तर एका दिवसात तिन्ही पाहून होतं. पाहुणे आले की आम्ही त्यांना हाच फेरफटका घडवतो.

पण आज मला येलदरीबद्दल सांगायचं नाही. एवढ्या मोठ्या धरणाला अभियंते असतात, चौकीदार असतात, पाण्याची नोंद ठेवणारी माणसं असतात. मला सांगायचंय ते चार-दोन गावांमागे एक असतं त्या लहानशा तळ्याबद्दल. ज्याच्या काठावर आपण धुणं धुतो, हुरडा खातो, मुलांना खेळायला सोडतो आणि ज्याच्या भिंतीकडे आपण कधी वळूनही पाहत नाही.

तुम्ही म्हणाल, "धरणाची भिंत पाहायची ती सरकारी माणसांनी. आपला काय संबंध?" मीही हेच म्हणत होते. सप्टेंबर २०२४ पर्यंत.

आत्याबाईंचं तळं

माझं सासर तालुक्यातल्या एका लहान गावी आहे. गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. दोन टेकाडांच्या मधला ओढा अडवून घातलेली मातीची भिंत. आमच्याकडे हिला पाळू म्हणतात. उंची म्हणाल तर दोन मजली घराएवढी. पाळूच्या पलीकडे, ओढ्याच्या काठाने, पंधरा-वीस घरांची वस्ती.

हे तळं आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. कागदावर नव्हे, पण हक्काने. १९७२ च्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या, सोळा वर्षांच्या. अंगावरची हळद उतरली नाही तोच दुष्काळी कामावर उभ्या राहिल्या. त्या दुष्काळात मराठवाड्यात ठिकठिकाणी अशी तळी झाली, रस्ते झाले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पुस्तकात हे सगळं असं दोन ओळींत मावतं. आत्याबाईंच्या तोंडून ऐकलं की मावत नाही. लाल मिलोच्या भाकरी, मुलांना मिळणारी सुकडी, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीचं टोपलं आणि पायाखाली तापलेला मुरूम. "आमच्या मानंवर उभी हाय ही पाळू," असं त्या म्हणतात ते काही खोटं नाही.

पोरांना तळ्यावर न्यायचं ठरलं की आत्याबाई आधी तयार होऊन बसतात. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवसापासून परभणी, हिंगोली, नांदेडकडे पावसाने नुसता कहर केला होता. नदी-नाले एक झाले होते. पोळा पाण्यात गेला. मग गणपती आले, महालक्ष्म्या बसल्या, उठल्या. ऊन पडलं. त्यानंतरच्या रविवारी आम्ही धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी असा डबा बांधून गावी गेलो. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि आत्याबाई.

तळं काठोकाठ भरलेलं. सांडव्यावरून पाण्याचा पदर पसरलेला. मुलं तर वेडी झाली. मी त्यांना धरून काठावर बसवते तोवर आत्याबाई पाळूच्या मागच्या बाजूला उतरल्या होत्या. त्यांना रानभाजी खुडायची होती. थोड्या वेळाने त्यांची हाक आली.

"अगं, हिकडं ये बरं जरा. पोरांला तिथंच ऱ्हाऊ दे."

मी गेले. पाळूच्या पायथ्याशी, कोरड्या जागी असावं तसं गवत सगळीकडे होतं. पण एका ठिकाणी, पाट ठेवता येईल एवढ्याच जागेत, ते गवत गर्द हिरवं आणि दलदलीत उभं. मधोमध बोटाएवढं भोक. त्यातून पाणी उकळ्या फुटल्यासारखं वर येत होतं आणि भोकाभोवती बारीक मातीचं वारुळासारखं कडं जमलं होतं.

"पाळूला घाम फुटतो, ते मला म्हाईत हाय," आत्याबाई म्हणाल्या. "पण ते पाणी नितळ असतंय. हे गढूळ यायलंय."

माठाचा घाम आणि पोत्याचं भोक

आत्याबाई शाळेत गेलेल्या नाहीत. पण त्या एका वाक्यात धरणांच्या विद्येतली फार मोठी गोष्ट सांगून गेल्या. ती मला पुढे समजली, तुम्हाला इथेच सांगते.

मातीचं धरण कधीच अगदी कोरडं नसतं. मातीचा माठ बाहेरून ओलसर असतो, तसंच. भिंतीच्या पोटात काळ्या चिकण मातीचा गाभा असतो. तो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही अंगांनी मुरमाचं आवरण असतं. ते भिंतीला वजन आणि आधार देतं. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती धुपू नये म्हणून दगड बसवलेले असतात. एवढं करूनही थोडं पाणी झिरपतंच. ते नितळ असेल आणि वर्षानुवर्षं तेवढंच असेल, तर तो माठाचा घाम. काळजी नको.

पाणी गढूळ झालं की मात्र गोष्ट बदलते. गढूळ म्हणजे पाणी येताना भिंतीच्या पोटातली माती सोबत आणतंय. ज्वारीच्या पोत्याला उंदराने भोक पाडलं तर काय होतं, ते आठवा. आधी दोन-चार दाणे. मग त्या दाण्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने आणखी दाणे. आणि मग बघता बघता धार. पाळूच्या पोटात अशीच नळी तयार होते. ती मागच्या बाजूने सुरू होऊन आतआत, पाण्याच्या दिशेने सरकत जाते. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. नळी एकदा तळ्याला जाऊन भिडली की मग वेळ उरत नाही.

मातीचं धरण फुटायची मोठी कारणं दोन. एक ही आतली नळी. दुसरं म्हणजे पाणी भिंतीच्या माथ्यावरून जाणं. म्हणून तर बाजूला सांडवा ठेवलेला असतो. प्रेशर कुकरच्या शिट्टीचं जे काम, तेच सांडव्याचं. कुकरच्या शिट्टीत डाळीचं साल अडकलं तर आपण घाबरतो. पण सांडव्यात झुडपं वाढली, कुणी मासे धरायला जाळी-दगड लावले, कुणी पाणी जास्त साठावं म्हणून पोती रचून उंबरठा वाढवला, तर आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही.

बाटली

मी शाळेत मुलांना गढूळ पाणी स्थिर ठेवून गाळ कसा खाली बसतो ते दाखवते. पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली पिशवीत होतीच. भोकाजवळचं पाणी भरून घेतलं, दगडावर ठेवलं. धपाटे कुणाच्या घशाखाली उतरले नाहीत. अर्ध्या-पाऊण तासाने बाटलीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा मातीचा थर बसलेला दिसला. काळी माती. गाभ्याची माती.

हे म्हणाले, "आपण पाहुणे माणसं. गावात दहा तोंडं. उगाच कशाला?" माझ्याही मनात तेच होतं, खोटं कशाला सांगू? पाण्याच्या कामात बाईमाणसाने बोलायचं म्हणजे लोक आधी हसतात. पण पाळूखालच्या वस्तीत आत्याबाईंच्या मैत्रिणी राहतात, ज्यांच्यासोबत त्यांनी टोपली वाहिली. त्या काही ऐकून घेईनात.

सोमवारी सकाळी बाटली पिशवीत घालून मी आणि आत्याबाई एका कचेरीत गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. टेबलामागच्या गृहस्थांनी बाटलीकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "बाई, नावच पाझर तलाव आहे. पाझरणारच की!"

बाजूचे दोघेही हसले. मी ओशाळले. आत्याबाई म्हणाल्या, "साहेब, पाझरायचं ते जमिनीत. भितीतून न्हाई."

पाझर तलावाचं काम नेमकं हेच. त्याला कालवा नसतो. साठलेलं पाणी तळाशी मुरावं आणि खालच्या विहिरींना पाझर फुटावा म्हणून ते तळं. भिंतीने मात्र आपलं पाणी धरूनच ठेवायचं.

आम्ही परत गावी आलो. बचत गटाच्या बायका जमवल्या. मी अर्ज लिहिला. तलाव कोणता, भोक पाळूच्या कोणत्या टोकापासून किती पावलांवर, पाणी केव्हापासून गढूळ, खाली घरं किती. खाली एकवीस सह्या आणि अंगठे. मोबाइलवर काढलेले फोटो जोडले. त्याच दिवशी तो अर्ज तहसील कचेरीत देऊन पोच घेतली आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोनही केला. पोच घ्यायला विसरू नका, हे मी वडिलांकडून शिकले.

त्या रात्री ढग गडगडायला लागले. वस्तीतल्या लोकांना कुणी आदेश दिला नव्हता. पण बायकांनीच ठरवलं, पोरंबाळं आणि म्हातारी माणसं शाळेत झोपवायची. शाळेच्या वऱ्हांड्यात चुलीवर खिचडी शिजली. चार तरुण पोरं बॅटऱ्या घेऊन पाळूवर आळीपाळीने जागली. पाऊस थोडाच पडला. पण झोप कुणालाच लागली नाही. मुलगी मला विचारत होती, "आई, आजीची भिंत पडेल का गं?" काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण अभियंता आला. त्याने भोक पाहिलं आणि बुटांसकट चिखलात गुडघे टेकून बसला. तो हसला नाही.

गाळणी

गावातल्या दोघांनी उत्साहाने काळी माती आणून ठेवली होती, भोकावर थापून बुजवायला. अभियंत्याने त्यांना थांबवलं. हे आपण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. बाहेरून भोक लिंपलं की आतलं पाणी थांबत नाही, दुसरी वाट शोधतं. मग ते कुठून फुटेल सांगता येत नाही. त्याने वाळू, बारीक खडी, मोठी खडी आणि दगड मागवले. आधी वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी, वर दगडांचं ओझं. म्हणजे आपली चहाची गाळणीच! पाणी बाहेर येऊ द्यायचं, पण मातीचा कण अडवायचा. संध्याकाळपर्यंत दगडांतून येणारं पाणी नितळ झालं.

दुसरं काम अवघड होतं. तळ्यातलं पाणी उतरवायचं. कालवा नाही, दार नाही. तेव्हा सांडव्याचा उंबरठा बेताबेताने दोन फूट खाली कापायचा ठरला. आणि तिथे गावात ठिणगी पडली. दोन फूट पाणी म्हणजे किती विहिरींचा रब्बीचा हरभरा, किती जणांचा गहू! एक जण माझ्या तोंडावर म्हणाला, "मास्तरीणबाईंच्या बाटलीपायी आमचं पाणी चाललं." त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं का? नव्हतं. त्या वर्षी काही विहिरी मार्चमध्येच खडखडल्या. त्याच्या बायकोने लांबून पाणी आणलं. मला ते दिसत होतं.

मी अभियंत्याला विचारलं, "आपण काहीच केलं नसतं तर तळं फुटलं असतं?" त्याने सरळ सांगितलं, "कदाचित नसतंही. पण हे 'कदाचित' त्या घरांच्या डोक्यावर ठेवता येत नाही." मला हे उत्तर फार आवडलं. दूध उतू जाईल की नाही याची वाट पाहत कुणी उभं राहत नाही. आपण गॅस बारीक करतो.

पुढच्या उन्हाळ्यात तळं आटल्यावर पाळू उकरून दुरुस्त केली. वेडी बाभूळ काढली. एका बाभळीच्या कुजलेल्या मुळाची पोकळी थेट गाभ्यात गेलेली सापडली. तिनेच पाण्याला वाट करून दिली होती.

तिवरे आणि कारम

हे वाचून एखादीला वाटेल, एवढ्याशा तळ्याचं काय कौतुक! म्हणून तुम्हाला दोन धरणांची आठवण करून देते.

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसं गेली, त्यात लेकरंही होती. भिंतीतून गळती आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. नंतर खेकड्यांनी धरण पोखरलं, असंही बोललं गेलं. खेकडे, उंदीर, घुशी पाळू पोखरतात हे खरंच आहे. पण म्हणूनच तर पाळूकडे पाहत राहायचं असतं.

दुसरी गोष्ट शेजारच्या मध्य प्रदेशातली. धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या नव्या धरणातून ऑगस्ट २०२२ मध्ये पाणी झिरपू लागलं. तिथे खालची अठरा गावं रिकामी केली, लष्कर बोलावलं, बाजूने चर खोदून पाणी काढून दिलं. भिंतीचा भाग गेला, शेतांचं नुकसान झालं, पण जीव एकही गेला नाही. धरणं दोन्ही गळत होती. फरक पडला तो माणसं वेळेवर हलण्याचा.

जुन्या पिढीला तर १२ जुलै १९६१ सांगावाच लागत नाही. पानशेत त्या दिवशी सकाळी फुटलं आणि पुणं पाण्याखाली गेलं. आदल्या रात्रभर जवानांनी भिंतीवर वाळूची पोती रचली, म्हणून ते काळोखात न फुटता उजेडी फुटलं. तेवढ्या तासांनी किती जणांना पळायला वेळ दिला असेल!

आता धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा कायदा आला आहे. धरणाची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी झालीच पाहिजे, असं तो सांगतो. चांगला कायदा आहे. पण तो पंधरा मीटरहून उंच धरणांना आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या काही विशिष्ट धरणांना लागू होतो. आत्याबाईंचं तळं त्याहून ठेंगणं. अशी किती तरी तळी आपल्या अवतीभवती आहेत. त्यांच्याकडे रोज पाहणारं कोण आहे? धुणं घेऊन जाणारी, शेळ्या घेऊन जाणारी, भाजी खुडणारी बाई. म्हणजे आपणच.

पाळूकडे पाहताना

यात अवघड काही नाही. मीठ-मसाला पाहतो तेवढ्याच सहज पाहता येतं.

पाळूच्या मागच्या पायथ्याने एक चक्कर मारा. एरवी कोरड्या असणाऱ्या जागी हिरवंगार गवत, दलदल किंवा वाहतं पाणी आहे का? असेल तर बाटलीत भरून अर्धा तास ठेवा. तळाशी माती बसली, किंवा पाणी कालपेक्षा आज जास्त आलं, तर त्याच दिवशी कळवा.

माथ्यावरून चाला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळतेच. पण पाण्याच्या बाजूपासून मागच्या बाजूपर्यंत आडवी गेलेली भेग वाईट. उतार घसरल्यासारखा दिसत असेल, माथा कुठे खचला असेल, गुराढोरांच्या वाटेने खोलगट झाला असेल, तर तेही सांगा. भरलेलं पाणी आधी तिथूनच ओसंडतं.

पाळूवर मोठी झाडं वाढू देऊ नका. घुशीची, खेकड्याची बिळं दिसली तर दाखवा. पायथ्याचा मुरूम कुणी ट्रॅक्टरने नेत असेल तर गप्प बसू नका. घराचा जोता कुणी पोखरत असेल तर गप्प बसाल का?

सांडवा मोकळा ठेवा. त्यात दगड, जाळी, पोती, झोपडी, काही नको.

लहान तलाव बहुधा जिल्हा परिषदेच्या नाहीतर मृद व जलसंधारण खात्याच्या ताब्यात असतात. कुणाचा आहे हे ठाऊक नसेल तर ग्रामपंचायत आणि तहसील, दोन्हीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. धोका समोर दिसत असेल तर आधी खालच्या घरांना सांगा, मग १०७७ किंवा ११२ वर फोन करा. अर्ज नंतर.

आणि मुलांना सोडताना

भिंत धड असली तरी पाणी ते पाणीच. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत चार मुलं होती. मजेने पाण्यात उभी होती आणि वरून लोंढा आला. म्हणून सांडव्याच्या प्रवाहात मुलांना उभं करून फोटो काढायचा मोह टाळा. शेवाळावर पाय ठरत नाही आणि गुडघाभर वाहतं पाणी मोठ्या माणसालाही पाडतं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, तर वर पाऊस झाला आहे असं समजा आणि तत्काळ बाहेर या.

आणखी एक नवा धोका. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत अनेक तळ्यांतला गाळ यंत्रांनी काढला. काम चांगलंच आहे, शेतं सुपीक झाली. पण तळाशी मोठाले खड्डे राहतात. काठाशी घोट्याएवढं पाणी आणि पुढच्या पावलाला डोक्याएवढं. "उन्हाळ्यात आम्ही इथेच क्रिकेट खेळलो," हे मुलांचं बोलणं ऐकू नका.

आमच्या सहलीच्या पिशवीत आता पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन असतो, झाकण घट्ट लावलेला, कडीला दहा-बारा मीटर दोरी बांधलेली. बुडणाऱ्याकडे तो फेकायचा. पोहता येत नसताना उडी मारू नका, नाहीतर एकाऐवजी दोघं जातात. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, म्हणून नजर हलवू नका. बाहेर काढलेल्याला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब लगेच सुरू करायचा आणि दुसऱ्या कुणी १०८ ला फोन करायचा. हे आधी शिकून ठेवलेलं बरं. आमच्या शाळेत आम्ही एकदा डॉक्टरांना बोलावून शिकून घेतलं.

आता शेवटचं. पाळू दुरुस्त झाल्यावर पुढच्या हिवाळ्यात आम्ही हुरड्याला पुन्हा तळ्यावर गेलो. पाण्यावर चक्रवाकांची एक जोडी उतरली होती. उत्तरेकडच्या हिमप्रदेशातून दर वर्षी येणारे हे पाहुणे. ज्याने मला बाटलीवरून टोमणा मारला होता, त्याच्याच शेतातली कणसं होती. गोवऱ्यांच्या आरावर त्यानेच ती भाजून दिली. बाटलीबद्दल तोही बोलला नाही, मीही नाही. जाता जाता त्याने मात्र सांगितलं, "पायथा बघितला म्या सकाळी. कोरडा हाय."

तरी आत्याबाई उठल्याच. काठी टेकत पाळूच्या मागे गेल्या. मागोमाग माझी मुलगी, हातात रिकामी बाटली घेऊन. आमच्या घरात आता हा नियमच झाला आहे. आधी पाळूची फेरी, मग डबा.